सातवी खुर्ची

"आई, अगं सालटी निघतील माझी."

"निघू देत. टाचा बघ जरा. कांदे काढून आल्यासारख्या दिसतायत."

पवित्र गुरुवारची दुपार होती. मी मोरीत पाटावर बसले होते आणि आई माझ्या पायांवर वजरी चालवत होती, पातेल्याचं बूड घासावं तशी.

"संध्याकाळी पाळकबाबा धुणारच आहेत ना पाय? मग आत्ता कशाला?"

"म्हणून काय मळके पाय न्यायचे त्यांच्यापुढं? लोक म्हणतील, हिवाळ्यांच्या पोरीला पाणी माहीत नाही."

आमच्या चर्चच्या मंडळीत हे असंच चालतं. येशूनं मरायच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून दर वर्षी पवित्र गुरुवारी पाळक चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी पत्र्याच्या डब्यातून बारा चिठ्ठ्या निघतात. ज्यांच्या निघतात ते मग चार दिवस टाचांमागे लागतात. कुणी व्हॅसलीन चोपडतं, कुणी नवी चप्पल घेतं. मार्थामावशीनं तर एकदा नेलपॉलिश लावलं होतं, आणि वर म्हणाली, फिकटच आहे. थोडक्यात, तालुक्यातले सगळ्यात स्वच्छ पाय पुन्हा एकदा धुवायचे, हे पाळकबाबांचं काम.

त्या वर्षी पहिल्यांदाच मुलांची नावं डब्यात टाकली होती आणि सातवी चिठ्ठी निघाली ती प्रिसिल्ला हिवाळे. म्हणजे मी. घरी दारी सिल्लू.

आता मला बघणाऱ्याला खरं वाटत नाही, पण सातवीत असताना माझा आवाज डासाएवढा होता. वर्गात बाईंनी उभं केलं की मी बाकाशी बोलायचे. पाळकबाबांनी एकदा मला चर्चमध्ये शास्त्रवाचनाला उभं केलं, तर मी सगळा अध्याय पुस्तकाच्या शिवणीत सांडला. पुढच्या बाकावरच्या सगुणाआजीला आधीच कमी ऐकू येतं. ती शेजारणीला म्हणाली, "पोरगी चालू झाली का अजून?" तेव्हा मी वाचून जागेवर येऊन बसले होते. आता दहावीत बाई म्हणतात, प्रिसिल्ला, जरा दुसऱ्यांनाही बोलू दे. या दोन्हींच्या मधे ती सातवी खुर्ची आहे.

पाळकबाबा म्हणजे रेव्हरंड शांतवन ओहोळ. आमच्या गावात ते माझ्या जन्माच्या थोडं आधी आले. बारसं, लग्न, दफन, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांच्या बायकोला, रत्नाआजीला, जाऊन दोन वर्षं झाली होती. चर्चच्या मागच्या कबरस्तानात तिची कबर आहे आणि कबरीपाशी मोगऱ्याचं झाड. रोज संध्याकाळी पाळकबाबा हिरव्या कॅनमधून त्याला पाणी घालायचे. मग थोडा वेळ तिथंच बसायचे. आम्ही मुलं तेव्हा त्या बाजूला खेळत नसू. कुणी सांगितलं नव्हतं, पण नसू.

आणि नेमकं तेच सुटायची वेळ आली होती. मंडळीच्या कमिटीचं म्हणणं होतं की आता तरुण पाळक हवा. कमिटीचे सेक्रेटरी वाघचौरे काका. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नाही. त्यांचं कुजबुजणं रस्त्यावर ऐकू येतं. त्यामुळं कमिटीनं ठराव केलाय आणि ईस्टर झाला की तो बिशप साहेबांकडे जाणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"दीड वर्ष राहिलंय त्यांचं रिटायर व्हायला," आई भाकरी थापता थापता म्हणायची. "तेवढं राहू द्यायचं की इथंच. रत्नाबाईंपासून कुठं लांब पाठवतात त्यांना?"

पप्पा म्हणायचे, "वाघचौरेला सांग."

"तुम्ही सांगा."

मग दोघंही जेवायचे. वाघचौरे काकांना कुणीच काही सांगत नसे.

गुरुवारी संध्याकाळी वेदीपुढं बारा खुर्च्या अर्धगोल मांडल्या होत्या. अकरा लाल प्लॅस्टिकच्या, हाताच्या. बारावी कमी पडली म्हणून रविवारच्या शाळेतली छोटी लोखंडी खुर्ची आणली, तिला हात नव्हते. मी सगळ्यांत लहान म्हणून ती मला. सातवी.

पाळकबाबांनी झगा काढून ठेवला, कमरेला टॉवेल बांधला आणि तांब्याचं घंगाळ घेऊन सगुणाआजीपुढं गुडघे टेकले. पाणी ओतलं, पाय पुसले, उठले. दुसरी खुर्ची. मी बघत होते, उठताना ते दर वेळी खुर्चीच्या हाताला धरत होते. अलीकडं चर्चमधून चालतानाही ते बाकांच्या पाठीला हात लावत जायचे. मला वाटायचं, प्रेमानं लावतात.

माझ्यापाशी आले. पाणी कोमट होतं. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी ओठ दातात धरून छताच्या पंख्याकडं बघत बसले. त्यांनी टॉवेलनं पाय पुसले, एकेक बोट पुसलं. आणि मग काहीच झालं नाही. ते तसेच गुडघ्यांवर, मान खाली घालून. मला वाटलं, बोटं मोजतायत की काय.

त्यांचा हात खुर्चीच्या बाजूला गेला. तिथं धरायला काही नव्हतं. हात परत आला. कपाळावर घाम.

"सिल्लू."

"काय, बाबा?"

"गुडघा अडकला गं. उठता येत नाही."

"वाघचौरे काकांना बोलवू?"

"नको. त्यांना नको."

हे ते इतक्या पटकन म्हणाले की मला सगळं कळलं. हा गुडघा आजचा नव्हता, आणि तो वाघचौरे काकांना कळला तर ठरावाला ईस्टरपर्यंतही थांबायची गरज उरणार नव्हती.

मागं चर्च एकदम शांत झालं होतं. इतकी शांतता आमच्याकडं नसते, कुणाचं तरी बाळ असतंच. मग कुणीतरी नाक ओढलं. मग मार्थामावशीनं हळू आवाजात एक गीत धरलं आणि एकेक करून सगळे त्यात आले.

मी खुर्चीवरून उतरले आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकले.

"काय करतेस?"

"खांद्यावर हात ठेवा. भार द्या."

"मोडशील."

"नाही मोडत."

"बरं. कडवं संपलं की उठू."

कडवं लांब होतं. आम्ही दोघं एकमेकांसमोर मान खाली घालून थांबलो. त्यांचा हात माझ्या डाव्या खांद्यावर, त्यांचा श्वास जड, आणि माझे पाय ओल्या फरशीवर सरकत होते. कडवं संपलं. मी दात आवळले आणि दोघं उठलो. त्यानंतर त्यांनी हात काढलाच नाही. आठव्यापासून बाराव्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर खुर्ची खुर्ची फिरले.

वळून बघितलं तर अर्धी मंडळी रडत होती.

दारात मार्थामावशीनं मला पोटाशी धरलं. "काय बघितलंस गं बाळा तू तिथं?"

मी वेदीपुढच्या घंगाळाकडं बघितलं. "पाणी," मी म्हणाले.

"पाणी," तिनं मागच्यांना सांगितलं. "जिवंत पाणी बघितलं पोरीनं."

शुक्रवारी दुपारच्या उपासनेपर्यंत गोष्ट गावभर होती. पाळकसाहेब लेकरापुढं गुडघ्यावर प्रार्थनेत हरवले, लेकराला ओढ लागली, तेही उतरून गुडघ्यावर आलं, त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, आणि गीताच्या शेवटच्या शब्दाला दोघं बरोबर उठले. सगळं खरंच होतं. कुणी काही वाढवलंच नव्हतं.

मला हे मुळीच वाईट वाटलं नाही. आत्यानं मला तिच्या मुलाच्या आधी खीर वाढली. माझा चुलतभाऊ, जो मला डास म्हणायचा, त्यानं मला सायकल दिली. शनिवारी सकाळी सगुणाआजी तिची शेळीच घेऊन आली.

"तीन दिवस दूध चोरतीय. हात ठेव."

"आजी, मी कसा हात ठेवू?"

"ठेव म्हणते ना."

मी शेळीच्या पाठीवर हात ठेवला. शेळीनं माझ्याकडं बघितलं. दुपारपर्यंत ती दूध द्यायला लागली. आता याला मी काय करणार?

आणि मग खरी गोष्ट झाली. वाघचौरे काका आमच्या अंगणात आले आणि पप्पांना म्हणाले, पलीकडच्या गल्लीलाही ऐकू जाईल असं, "हिवाळे, ठराव मी मागं घेतोय. असा प्रार्थनेतला माणूस मी कुठं पाठवू? राहू देत इथंच."

मी चप्पल न घालता धावत सुटले.

पाळकबाबा कबरस्तानात होते, रत्नाआजीच्या कबरीच्या कट्ट्यावर बसलेले. हिरवा कॅन शेजारी, भरलेला.

"बाबा, वाघचौरे काकांनी ठराव मागं घेतला."

"हो. इथूनच गेले ते तुमच्याकडं."

"मग तुम्ही राहणार."

"हं."

मी कॅन उचलला आणि मोगऱ्याला पाणी घालू लागले. ते माझ्याकडं बघत होते.

"सिल्लू, गुरुवारी तुला काय वाटलं गं? खरं सांग."

"तुम्ही फार जड आहात."

ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला काय वाटलं सांगू? उठलो आणि लोकांची तोंडं बघितली. रडत होती माणसं. तिथंच म्हणायचं होतं, अहो, गुडघा अडकला माझा. एवढंच. आणि मी काय केलं? आणखी जरा मान खाली घातली. आणखी जरा हळू चाललो."

"मग काय झालं?"

"चाळीस वर्षं उपदेश करतोय. जांभया देतात लोक, मला वरून दिसतं सगळं. आणि परवापासून जो तो हात धरतोय, डोळे भरून बघतोय." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "गोड लागतंय गं."

"मग लागू दे की. कुणाचं काय बिघडलं? लोक खूश आहेत. तुम्ही इथं, रत्नाआजी इथं. शेळीसुद्धा बरी झाली."

"शेळी?"

मी शेळीचं सांगितलं. ते पुन्हा हसले, पण या वेळी लवकर थांबले.

"बिघडलं कुणाचंच नाही. पण पुढच्या वर्षी गुरुवारी त्यांना पुन्हा तसंच पाहिजे असणार. मग मला ते करून दाखवावं लागेल." त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "आणि मी दाखवीन, सिल्लू. मला मी माहीत आहे. फार छान दाखवीन."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मला एवढंच कळलं की ते सांगणार आहेत.

"तुम्हाला पाठवतील."

"पाठवतील."

"मग आजीला कोण पाणी घालणार? तुम्हाला तिचं काहीच नाही."

बोलल्यावर मला वाटलं, जीभ तोडून टाकावी. ते रागावले नाहीत. खाली पडलेली मोगऱ्याची दोन फुलं उचलून त्यांनी कट्ट्यावर ठेवली.

"रत्ना असती ना, तर गुरुवारीच हसली असती. पुढच्या बाकावरून, मोठ्यानं. 'अहो, उठा आता' म्हणाली असती." मग म्हणाले, "उद्या मी माझं सांगेन. तुझं नाव घेणार नाही. तुझं काय ते तुझ्याजवळ."

मी रडत घरी गेले. आईला वाटलं, उपासामुळं.

ईस्टरच्या सकाळी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या साड्या, अत्तर, लिलीची फुलं. पाळकबाबा व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढले, कठड्याला धरून, कुणी बघतंय याची पर्वा न करता. शास्त्रभाग वाचला. पुस्तक मिटलं.

"उपदेशाआधी एक सांगायचं आहे. गुरुवारी मी प्रार्थना करत नव्हतो. माझा गुडघा अडकला होता. दोन वर्षं दुखतोय, मी लपवलं. एका लेकरानं खांदा दिला म्हणून उठलो. तुम्ही मला जे समजलात ते मला आवडलं, म्हणून तीन दिवस गप्प बसलो."

पंख्यांचा आवाज येत होता. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. एखाद्याच्या घरी अवेळी गेल्यासारखं सगळ्यांना झालं होतं.

मग मार्थामावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमचं असेल तसं, पाळकसाहेब. पण पोरीनं तर पाणी बघितलं."

सगळं चर्च माझ्याकडं वळलं. मला खीर दिसली. सायकल दिसली. पाळकबाबा माझ्याकडं बघतच नव्हते, मुद्दाम, समोरच्या खिडकीकडं बघत होते. आईनं माझ्या मांडीवर हात दाबून ठेवला होता, बस म्हणून.

मी उभी राहिले.

"मी पण प्रार्थना करत नव्हते," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोल गं," सगुणाआजी ओरडली. "काही ऐकू येत नाही."

आता मागं फिरायची सोय नव्हती. आणि आजीला ऐकू जायचं म्हणजे खरोखर मोठ्यानंच बोलायला हवं. मी छाती भरून श्वास घेतला.

"मी प्रार्थना करत नव्हते. मी त्यांना उठवत होते. आणि पाणी म्हणाले, कारण घंगाळात पाणीच होतं."

माझा आवाज छताला लागून परत आला. मला तो ओळखूच आला नाही. बसायला हवं होतं, पण मी आणखी एक वाक्य बोलले, ज्याची काही गरज नव्हती.

"आणि मला गुदगुल्या होत होत्या."

मग सगुणाआजी तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "मग माझ्या शेळीचं काय?"

"शेळीचं मला माहीत नाही, आजी."

आधी मागच्या बाकावरची पोरं फुटली. मग बायका, पदर तोंडाला लावून. मग पप्पा. मार्थामावशीनं दोन क्षण तोंड फुगवून धरलं आणि तीही फुटली. ईस्टरच्या दिवशी आमचं चर्च इतकं हसलं की बाहेर चप्पल सांभाळणारा वॉचमन आत डोकावला. व्यासपीठावर पाळकबाबा झग्याच्या बाहीनं डोळे पुसत होते.

फक्त वाघचौरे काका हसले नाहीत. ते उठले. हसणं खटकन थांबलं. पॅन्ट वर ओढत ते मधल्या वाटेनं व्यासपीठाकडं निघाले आणि मी मनात म्हटलं, झालं, आता इथंच ठराव वाचतायत.

ते पायरीपाशी थांबले आणि हात पुढं केला.

"खाली या, साहेब. सावकाश. पहिली पायरी उंच आहे. उपदेश खुर्चीत बसून द्या."

पाळकबाबांनी हात धरला. वाघचौरे काका त्यांच्या कानाशी कुजबुजले, म्हणजे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"दोन वर्षं विचारतोय, चालताना काय होतंय तुम्हाला. दर वेळी 'काही नाही, काही नाही'. माणूस नको होता का मला? माणूस पडायला नको होता."

पाळकबाबांनी झगा सावरला. एक पायरी उतरले. मग दुसरी.

ठराव गेलाच. वाघचौरे काका स्वतः घेऊन गेले आणि बिशप साहेबांपुढं बसून सांगून आले की जिथं पायऱ्या नाहीत असं चर्च द्या. जूनमध्ये पाळकबाबा नगरजवळ एका छोट्या मंडळीत गेले. जायच्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर त्यांनी हिरवा कॅन माझ्या हातात दिला. रोज संध्याकाळी मी मोगऱ्याला पाणी घालते. माझी परीक्षा असली की वाघचौरे काका घालतात, आणि झाडाशी काय बोलतात ते मला घरी अभ्यास करताना ऐकू येतं.

या वर्षी गुरुवारी मी टॉवेल धरायला होते. रविवारच्या शाळेचा लहान वर्ग आता माझ्याकडं आहे, म्हणून. नवे पाळक तरुण आहेत, पोरांबरोबर क्रिकेट खेळतात. एक खुर्ची अजूनही कमीच पडते, त्यामुळं ती छोटी लोखंडी खुर्ची पुन्हा आली होती. तिच्यावर पहिलीतली एक मुलगी बसली होती, टाचा लालभडक, आईनं घासलेल्या.

पाळकांनी तिच्यापुढं गुडघे टेकले, पाणी ओतलं, पाय पुसले. मी टॉवेल घ्यायला पुढं झाले. ते कशालाही न धरता झटकन उठले आणि आठव्या खुर्चीकडं गेलेसुद्धा.

मी तिथंच होते, डावा खांदा थोडा खाली करून.